परतूरकडचा पार

लोक देव बघायला जातात, लेणी बघायला जातात. मी एका दोन अक्षरांच्या शब्दासाठी मिरजेहून जालन्याला गेले, हे सांगितलं की आमच्याकडे अजून हसतात. हसू देत. शब्द होता ‘पार’. सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयाने मला एक व्याख्यान द्यायला सांगितलं होतं, आणि मी विषय दिला होता, एकाच शब्दाची अनेक घरं. शब्द बसून शोधला असता तर कोशात निम्मा सापडलाच असता. पण कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईला वर्षातून एकदा घराबाहेर पडायला काहीतरी कारण लागतं, आणि मुलांना आठवडाभर सांभाळायला सासूबाई तयार होत्या.

संस्कृतातला पार म्हणजे पलीकडचा काठ. तिथूनच आपलं काम पार पडतं, माणूस पारंगत होतो. आमच्या शेजारच्या बंगाली बाई साडीच्या काठाला पाड म्हणायच्या, आणि नदीच्या काठालाही तेच. इथवर सगळं एका गोत्रातलं. पण गावातल्या झाडाभोवती दगडमातीचा जो पार बांधतात, तो कुठून आला? आमच्या मिरजेकडे त्याला सरळ कट्टा म्हणतात, आणि तो कानडीतून आला हे शेंबडं पोरही सांगेल. या पाराचं मात्र मूळ मला खात्रीनं कुणी सांगेना. म्हणून मी कमलला लिहिलं. कमल माझी वसतिगृहातली मैत्रीण, मराठवाड्यातली, जालन्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिचं उत्तर आलं, ‘आमच्या गावात पार हाय आणि पारावर बसणारेही हायेत. ये. माझंही एक काम हाय तुझ्याकडं.’

नवीन जालना

स्टेशनाबाहेर कमल उभी होती. केसांत थोडी पांढरी बट आली होती, बाकी तीच. रिक्षात बसल्याबसल्या तिने माझी पिशवी उघडून मिरजेचे पेढे शोधून काढले आणि एक तोंडात टाकला. वसतिगृहातही ती असंच करायची.

नवीन जालना म्हणजे दुकानं, बँका, बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या आणि मोटारसायकली. जिल्हा नुकताच वेगळा झालेला, त्यामुळे जो तो कुठल्या ना कुठल्या कार्यालयाकडे निघालेला. कमलचे यजमान तशाच एका बियाण्यांच्या कंपनीत होते. घर दुमजली इमारतीत वर, दोन खोल्यांचं, फार नीटनेटकं. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या घरात जो पसारा असतो तो नव्हता. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

संध्याकाळी शेजारच्या घरातल्या तमिळ बाई इडल्या घेऊन आल्या. त्यांचे यजमान बँकेत बदलून आले होते. मी त्यांना माझा शब्द विचारला तर त्या एकदम हसायला लागल्या. ‘पार? आमच्यात पार म्हणजे बघ! मुलाला दिवसभर म्हणतो, इंगे पार, इकडे बघ.’ कुठे आपला काठ आणि कुठे त्यांचं बघणं! नुसतं रूप सारखं, नातं काही नाही. मला तर मोठं घबाड मिळाल्यासारखं झालं. मी इडल्यांहून त्या शब्दावरच खूश होते.

त्या गेल्यावर कमलने भांडी घासता घासता तिचं काम सांगितलं. तिच्या वडिलांना, बापूंना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. चांगला पिकला होता. पुढच्या आठवड्यात जालन्यात डोळ्यांचं शिबिर होतं, डॉक्टर ओळखीचे होते. बापूंनी यायचं, शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि महिनाभर कमलकडे राहून डोळ्यांत औषध घालून घ्यायचं, एवढंच. दिवाळीपासून ती निरोपावर निरोप पाठवत होती आणि बापू ‘बघू’ म्हणत होते.

‘मंग तू स्वतः जाऊन बोल ना,’ मी तिच्याच बोलीत म्हणाले.

‘गेल्ते की. मी गावात आले की बापू पारावर जाऊन बसतेत. दिवसभर. भाकर बी तिथंच मागवतेत. आणि पारावर आमच्या गावच्या लेकीसुना चढत न्हाईत. बिलकुल न्हाई. मी खालून जाताना चपला हातात घेऊन, मान खाली घालून जाते. मंग बोलू कुठं?’

मला आधी हसू आलं. म्हातारा मोठा हुशार! लेकीचा पाय जिथे पोचत नाही तिथेच जाऊन बसतो. कमलही हसली, पण तिचे हात साबणात तसेच थांबले होते.

‘तू पाहुणी,’ ती म्हणाली. ‘बाहेरची. कॉलेजातली बाई. तुला कोणी काही म्हणणार न्हाई. तू वर जाऊन बस, तुझा शब्द विचार, आणि मधीच बराबर माझं काढ. ते भेतेत, मला म्हाईत हाय. सुरीला भेतेत. तू समजावून सांग.’

परतूर आणि पुढे

परतूरला आम्ही अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीने गेलो. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि हवेत कापूस उडत होता. कमलच्या भावाने बैलगाडी आणली होती. तो बोलायला मोकळा, हाक मारत, बैलांशीही बोलत. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे आहे ते त्या घरातलं आहे.

वाटेत एका शेतात वडार लोक विहीर खणत होते. पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यांतल्या एकाने दुसऱ्याकडे ‘पार’ मागितली, आणि मी गाडीतून उतरलेच. त्यांच्या तेलुगूत पार म्हणजे फावडं! मी ते फावडं हातात घेऊन पाहिलं, वजन केलं, दोनदा तो शब्द म्हणवून घेतला. वडारांना वाटलं बाईला विकत घ्यायचंय. कमलचा भाऊ मागे बसून खो-खो हसत होता.

‘ताई, तुमची मैत्रीण लई भारी हाय,’ तो कमलला म्हणाला.

गावात शिरताना पार आलाच. भलंमोठं पिंपळाचं झाड, भोवती काळ्या दगडांचा उंच चौथरा, मागे मारुती. वर सात-आठ पागोटी. पार दिसायच्या आधीच कमल गाडीतून उतरली, चपला काढल्या, डाव्या हातात धरल्या आणि पदर डोक्यावर घेऊन कडेकडेने चालू लागली. जालन्यात पोरींना भूगोल शिकवणारी, मुख्याध्यापकांशी भांडणारी कमल! आमच्याकडे कट्ट्यावर पुरुषच बसतात, पण आम्ही समोरून जातो त्या चपला घालून जातो. मला राग आला. मी मुद्दाम गाडीतच बसून राहिले, चपला पायांत.

‘बापू कुठले?’ मी हळूच विचारलं.

‘मधले. पांढरं धोतर. मी वर बघितलं न्हाई, पण बसायची जागा ठरलेली हाय त्यांची.’ थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, ‘लहान व्हते तेव्हा वर न्यायचे मला. मांडीवर बसवून. शाळेत जायला लागले आणि बंद झालं.’

संध्याकाळी शेतात हुरडा होता. कोवळी ज्वारी गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, भाजायची, कणसं हातावर चोळायची, सोबत तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. कमलची भावजय कणसं चोळून माझ्यापुढे ढीग करत होती आणि मी खात होते. हुरड्यावर पाणी प्यायचं नसतं, ताक प्यायचं असतं, हे मला सगळ्यांनी सांगितलं आणि मी तांब्याभर पाणी प्याले. त्याचं फळ पुढचे दोन तास भोगलं. भावजयीने ओवा दिला, कमलने पाठ चोळली. बापू हुरड्याला आले नाहीत. त्यांनी भाकर पारावर मागवली आणि तिथून परस्पर शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे वस्तीवरच्या खोपीत, झोपायला गेले. रस्ता इतक्या वर्षांचा पायाखालचा, त्याला डोळे लागत नाहीत, असं भाऊ म्हणाला.

‘बघितलंस?’ कमल म्हणाली. ‘लेक आली तं बाप आखाड्यावर.’

पारावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेले. कमल खाली झाडाच्या सावलीबाहेर उभी राहिली, चपला हातात. मंडळींना भावाने आधीच सांगून ठेवलं होतं. एकाने घोंगडी झटकून अंथरली, दुसऱ्याने सरकून जागा केली. मी शब्दाचं सांगितलं. परीक्षकांपुढे बसल्यासारखं वाटत होतं.

आधी गफूरचाचा बोलले. ते निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले, सफेद दाढीचे, बापूंच्या शेजारी बसलेले. ‘बाई, हमारे यहां पारसाल बोलते. म्हणजे गेल्या वर्षी. पारसाल कापूस बरा झाला व्हता, ह्या साली कीड पडली. तो फारसी का लफ्ज है.’ मी म्हटलं, संस्कृतातही ‘परुत्’ म्हणजे गेल्या वर्षीच. फारसीची आणि संस्कृताची ही भावंडं आहेत, पण आपला पलीकडचा काठ वेगळा. चाचांनी मान डोलावली आणि ही गोष्ट त्यांना आधीच माहीत असावी असा चेहरा केला.

‘आन रामपार?’ बापू पहिल्यांदाच बोलले. आवाज खणखणीत होता. उंच, हाडाचे, नाक कमलचंच. डोळ्यांवर दुधाची साय धरलेली. ते माझ्याकडे बघत होते पण माझ्या थोडं डावीकडे. ‘आमी रामपारी उठतो म्हणतो. त्यो कंचा पार?’

तो प्रहर. प्रहराचा पहर, पहराचा पार. दोन पार झाले की दुपार. मी हे सांगितलं तेव्हा पारावर हसू फुटलं. ‘म्हणजे आपण पारावर बसून पारच मोजतो व्हय,’ कोणीतरी म्हणालं. बापूही हसले. मला ते एकदम आवडले आणि मी कशासाठी आलेय हे आठवून ओशाळलेही.

ह्या चौथऱ्याचा पार कुठून आला, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. बापू म्हणाले, ‘आमच्या आज्याच्या आज्यानं बी ह्याला पारच म्हणलं असंल. त्येला कोण इचारायला गेलं न्हाई.’

ऊन चढलं. मंडळी एकेक करून जेवायला उठली. गफूरचाचा काठी टेकत गेले. बापू बसून राहिले, कारण घरी लेक होती. कमलने खालून मला खूण केली आणि घराकडे गेली. मी सरकून जवळ बसले आणि सरळ विचारलं. आडवळणाने बोलणं मला जमत नाही.

‘बापू, शिबिराला का येत नाही? आता टाका पण नीट घालतात. माझ्या सासऱ्यांचं झालं, ते पेपर वाचतात.’

‘सुरीला भेत न्हाई मी,’ ते म्हणाले. ‘नांगराच्या फाळानं पाय कापला व्हता तवा बसल्या जागी शिवून घेतला. भ्याचं काय न्हाई.’

‘मग?’

ते बोटांनी दगडावरची पिंपळाची पानं गोळा करत राहिले. ‘तुमाला लेकरं किती?’

‘दोन मुलगे.’

‘तुमचे वडील तुमच्या घरी जेवतेत?’

मला कळलं. एकदम कळलं. आमच्याकडेही जुन्या लोकांत हे होतं. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न घेत नाही. माझे आजोबा आत्याच्या घरी पाण्याचा घोटही घेत नसत, तिला मुलगी झाली तेव्हा बारशाला पहिल्यांदा जेवले. पण आत्याला लग्नानंतर वर्षाच्या आत मूल झालं होतं. मूल झालंच नाही तर बापाने काय करायचं, हे त्या चालीत कुठे सांगितलेलं नाही.

‘तिच्या लग्नापास्नं तिच्या घरी मी जेवलो न्हाई,’ बापू म्हणाले. ‘आधी वाटलं व्हईल. मंग वर्सं गेली. कधी बैल आजारी सांगतो, कधी पेरणी, कधी गुडघा. तिला काय सांगू? तुला लेकरू न्हाई म्हणून बाप तुझं खात न्हाई, असं तोंडानं बोलू?’

‘तुमची ज्वारी घेऊन चला,’ मी म्हटलं. ‘तुमचे दाणे, तुमचं जेवण. चालीला धक्का नाही.’

‘ती इचारील, दाणे कामून आणले? हुशार हाय ती. बराबर वळखील.’ ते हसले, लेकीच्या हुशारीचा अभिमान वाटावा तसे. ‘न्हाई बाई. डोळे गेले तं गेले. तिच्या मनाला लागू द्यायचं न्हाई. तिला सांगा, म्हातारा भेतो. सांगाल ना?’

मला त्यांना सांगायचं होतं की ही चाल सोडून द्या, काही होत नाही. आम्ही शिकलेल्या बाया असं चटकन बोलतो. पण त्या चौथऱ्यावर, त्या डोळ्यांसमोर, ते तोंडातून निघेना. मी ‘सांगते’ म्हटलं. ‘जाताना भेटून जाईन,’ असंही म्हटलं.

घरी येऊन मी कमलला सांगितलं, भितात. सुरीला फार भितात.

निघताना

दुपारच्या एसटीने परतायचं होतं. गाडी गावाबाहेर फाट्यावर यायची. आम्ही बोचकी घेऊन निघालो आणि पार दिसल्यावर कमल नेहमीसारखी थांबली, चपला काढल्या. पारावर फक्त बापू होते, पिंपळाला टेकून. बाकी सगळं गाव जेवून पडलं होतं.

‘मीच जाते वर,’ कमल एकदम म्हणाली. ‘कोणी न्हाई आत्ता. भेत असतील तर मीच सांगितलं पाहिजे ना? लहानपणी मला तेच म्हणायचे, भेऊ नको, मी हाय. आता मी म्हणते.’

मी तिचा हात धरायला हवा होता की नको, मला अजून ठरवता येत नाही. तिने चपला माझ्या हातात दिल्या आणि त्या गावच्या कुठल्याही लेकीने न केलेली गोष्ट केली. चार पायऱ्या चढून पारावर गेली. खाली मी उभी, दोघींच्या चपला हातात; माझ्या कधी काढल्या ते मलाच कळलं नाही.

तिने आधी वाकून नमस्कार केला. बोलण्याआधीच. बापूंनी बांगड्या ऐकल्या आणि हात पुढे केला, तो तिच्या डोक्यावरच्या पदरावर पडला.

‘निघालात का बाई?’ ते म्हणाले. आवाज मोठाच होता, मला खालून शब्दन् शब्द ऐकू आला. पारावर चढून नमस्कार करणारी बाई म्हणजे मीच, दुसरी कोण असणार! ‘तिला बोलला न्हाईत ना? बरं केलं. लेकरू न्हाई म्हणून बाप घरचं खात न्हाई, हे कळलं तं जन्मभर मनाला लावून घेईल माझी पोरगी. म्हातारा भेला, एवढंच म्हाईत असू द्या.’ मग हात डोक्यावर तसाच ठेवून म्हणाले, ‘सुखी ऱ्हा. लेकराबाळांत सुखी ऱ्हा.’

कमल क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग उठली आणि खाली आली. बापू वरून म्हणाले, ‘संभाळून जा बाई.’ मीच खालून ‘हो’ म्हटलं. आवाज कुठून आला हे त्यांना कळलं असेल की नाही कोण जाणे.

फाट्यापर्यंत ती माझ्यापुढे चालत होती. चपला तिने घातल्याच नाहीत, मातीतून तशीच चालली. फाट्यावर बाभळीखाली आम्ही बोचक्यांवर बसलो. मी म्हटलं, परत जा. अजून गाडीला वेळ आहे. त्यांना सांग की तुला कळलंय आणि तुला काही वाटत नाही, ज्वारी घेऊन चला. आत्ता जा.

‘कसं जाऊ?’ ती म्हणाली. ‘मला कळू नये म्हणून त्यांनी डोळे घालवले. आता मला कळलं हे त्यांना कळलं, तर मंग त्यांनी कशासाठी घालवले?’

पुढचं सांगून टाकते. बापू शिबिराला आले नाहीत. त्यानंतरच्या वर्षी कमलच्या भावाने त्यांना जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं, तेव्हा फार उशीर झाला होता. मोतीबिंदू पिकून आत फुटला होता. मी मिरजेत माझं व्याख्यान दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तमिळ बाईंचा ‘बघ’ सगळ्यांना फार आवडला. टाळ्या चालू असताना मला कमलचे साबणातले हात दिसत होते, आणि हे सगळं मी कशासाठी गोळा केलं असं वाटत होतं.

पण फाट्यावरचं राहिलं. एसटीची धूळ लांबून दिसायला लागली. कमलने पायांची माती झटकली, चपला घातल्या, पदर डोक्यावरून खाली घेतला. तिचा चेहरा कोरडा होता. मला वाटलं ती आता रागावेल, बापूंवर, चालीवर, खोटं बोलल्याबद्दल माझ्यावर.

‘लग्नात नमस्कार केला तेव्हा बापूंनी हाच आशीर्वाद दिल्ता,’ ती म्हणाली. ‘लेकराबाळांत सुखी ऱ्हा. पहिली दोन वर्षं देत राह्यले. मंग बंद केला. मी वाकले की नुसते, बरं बरं, म्हणायचे आणि हात मागं घ्यायचे. मला वाटायचं, माझ्यावरची माया आटली.’

गाडी थांबली. तिने बोचकं उचललं.

‘आज किती वर्षांनी दिला बघ,’ ती म्हणाली. ‘तो बी तुला.’